मदत हवी आहे: ऋषिकेश ते रुद्रप्रयाग पायी, मधला विश्रांतीचा दिवस आणि राफ्टिंग (सोबत ११ वर्षांचा मुलगा)

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

आम्ही नागपूरचे. दिवाळीनंतर आम्ही पाच जण ऋषिकेशहून रुद्रप्रयागपर्यंत पायी जाणार आहोत: मी, नवरा, मुलगी (वय १५), मुलगा (११) आणि सासरे (६७), ज्यांना घरात सगळेच आबा म्हणतात. भाऊबीजेला केदारनाथची दारं बंद होतात आणि मग यात्रेची गर्दी ओसरते, म्हणून त्यानंतरच निघायचं ठरवलं. रस्त्याने मोजलं तर १४० किमीच्या आसपास अंतर आहे. देवप्रयागपर्यंत मात्र हायवेने जायचं नाही. गंगेच्या पलीकडच्या काठाने जुना यात्रामार्ग आहे, त्याने जायचं: लक्ष्मणझुल्याहून गरुडचट्टी, फूलचट्टी, मोहनचट्टी, पुढे महादेवचट्टी, व्यासघाट आणि मग देवप्रयाग. मोटारी नव्हत्या तेव्हा बद्री-केदारचे यात्रेकरू याच वाटेने चालत आणि रात्री चट्टीवर, म्हणजे वाटेतल्या मुक्कामाच्या जागी, पथारी टाकत. आबांची आजी अशीच गेली होती. ती धड परत आली म्हणून घरी मोठं मावंदं घातलं होतं, ही गोष्ट आबा आम्हाला लग्नापासून सांगताहेत. ती वाट एकदा पायाखालून घालायची, एवढीच त्यांची इच्छा. त्यांच्यामुळेच हे सगळं ठरलं.

तयारी उन्हाळ्यापासून चालू आहे. मे महिन्यात नागपुरात सकाळी साडेसातनंतर घराबाहेर पाऊल टाकवत नाही, त्यामुळे पहाटे साडेचारला उठून सेमिनरी हिल्सच्या चकरा. रविवारी पाठीवर पिशव्या घेऊन रामटेकच्या गडाच्या पायऱ्या दोनदा चढायच्या. पावसाळ्यात एकदा नागपूर ते रामटेक दोन दिवसांत चालून पाहिलं. त्यात एक गोष्ट कळली. चालताना कोणी कुरकुरलं नाही, पण तिसऱ्या दिवशी घरी सगळ्यांचं अंग असं आंबलं की मुलगा जिना बसून उतरत होता आणि लेकीच्या टाचेला रुपयाएवढा फोड. म्हणून देवप्रयागला पोचलो की एक अख्खा दिवस थांबायचं हे मी कागदावर लिहूनच टाकलं.

आता खरी गोष्ट. त्याच दिवशी राफ्टिंग करायचं असं लेकीला कबूल केलंय. एप्रिलमध्ये ती यायलाच तयार नव्हती. "सुट्टीत सगळे मजा करणार आणि मी चालत बसू?" मग तिच्या बाबांनी राफ्टिंगचं नाव काढलं आणि त्या दिवसापासून पोट्टी गजराच्या आधी उठायला लागली. अंबाझरी रोडवरच्या जलतरण तलावात आठवड्यातून तीनदा पोहते. तिने तिचा शब्द पाळलाय, त्यामुळे आपलाही मोडवत नाही.

नवऱ्याची योजना अशी: सकाळी देवप्रयागहून जीप करून शिवपुरीला खाली यायचं, तिथून ऋषिकेशपर्यंत १६ किमी राफ्टिंग आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा देवप्रयाग. त्याने दोन ठिकाणी फोन केले. एकाने सरळ सांगितलं, १४ वर्षांखालच्या मुलाला घेत नाही, आग्रह करू नका. दुसऱ्याने वय ऐकून म्हटलं, "कोई बात नहीं, बच्चे को बीच में बैठा देंगे." नवऱ्याला हा दुसरा माणूस मनमोकळा वाटला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्याचं कारण सांगते. गेल्या हिवाळ्यात नागपूरजवळच्या एका जलाशयावर आम्ही मुलांना कयाकमध्ये (वल्हवायची छोटी, अरुंद होडी) बसवलं होतं. मुलाला दिलेलं लाइफ जॅकेट मोठ्या माणसाचं होतं. तीन बकलांपैकी मधलं तुटलेलं, तिथे नायलॉनची दोरी बांधलेली. मी विचारलं तर "चालतं हो मॅडम, पाणी शांत आहे" असं उत्तर मिळालं आणि मी गप्प बसले. किनाऱ्यापासून वीसेक फुटांवर तो कलंडला. जॅकेट तरंगलं, पोरगं मात्र त्यातून खाली सरकलं. कॉलर त्याच्या कानांच्याही वर गेली होती, तोंड दिसत नव्हतं, फक्त दोन हात वर. तिथल्याच एका नावाड्याने उडी मारून त्याला काढलं. सगळं मिळून दहा-बारा सेकंद असतील. त्याला काही झालं नाही, संध्याकाळी भजी खात होता. मी मात्र ती दोरी अजून विसरले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही.

आणि ते तर शांत पाणी होतं.

आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. बाकी सगळे खर्च आणि फोटोंबद्दल बोलत असताना त्यांचा एकच प्रश्न: "वर धरण कोणतं आहे आणि पाणी कधी सोडतात?" याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हतं.

तर माझे प्रश्न असे. पाच-सहा दिवस चालल्यावर राफ्टिंगचा दिवस खरंच विश्रांतीचा होतो का, की आणखी एक कष्टाचा दिवस? शिवपुरीचा टप्पा पहिल्यांदाच जाणाऱ्या, पण पोहता येणाऱ्या १५ वर्षांच्या मुलीला झेपेल का? नोव्हेंबरमध्ये पाणी किती थंड असतं? टाचेला फोड असेल तर ओल्या बुटांचं काय करायचं? आणि सर्वांत मोठा प्रश्न मुलाचा. त्याला काठावर ठेवायचं तर तो दिवस त्याच्यासाठी शिक्षा होईल, सोबत न्यायचं तर माझा जीव टांगणीला. ज्यांनी मुलांना घेऊन हे केलंय त्यांनी कृपया स्पष्ट लिहा. मला धीर नको आहे, माहिती हवी आहे.

---

पाणवठा:

ताई, मुलाला नेऊ नका. "बीच में बैठा देंगे" म्हणणाऱ्याकडे लेकीलाही पाठवू नका. जो वयाची अट सोडतो तो जॅकेटच्या बकलाकडेही बघत नसतो.

---

वाटचाल:

मी त्या पट्ट्यात चार-पाच वेळा राफ्टिंग केलंय आणि फूलचट्टीकडची वाटही थोडी चाललोय. जमेल तसं लिहितो.

आधी हिशोब. देवप्रयाग ते शिवपुरी रस्त्याने पन्नासेक किमी, आणि संध्याकाळी ऋषिकेशहून परत देवप्रयाग सत्तरेक. म्हणजे विश्रांतीच्या दिवशी घाटातली १२० किमी जीप. चार-साडेचार तास तर गाडीतच जातील, त्यात मुलांना गाडी लागते का हेही बघा. राफ्टिंगमध्ये पायांना आराम मिळतो हे खरं आहे, खांदे आणि पोट दुखतं. पण त्या जीपने सगळी विश्रांती खाऊन टाकली असेल.

तुम्ही रुद्रप्रयागहून परत येणार ते याच रस्त्याने. बस कौडियाला, ब्यासी, शिवपुरी करतच खाली येते. मग राफ्टिंग शेवटी ठेवा. देवप्रयागला दिवसभर काही करू नका. कपडे धुवा, संगमाच्या पायऱ्यांवर बसा. भागीरथी आणि अलकनंदा दोन वेगळ्या रंगांच्या येऊन मिळतात, आणि गंगा हे नाव तिथून पुढे लागतं. आबांना तिथून लवकर उठवू नका.

टप्प्यांबद्दल: कौडियालाहून निघालात तर 'द वॉल' नावाचा मोठा रॅपिड (खडकांवरून उसळत जाणारा वेगवान प्रवाह) लागतो, तो पहिल्या वेळेला नकोच. शिवपुरीच्या टप्प्यात 'रोलर कोस्टर' आणि 'गोल्फ कोर्स' हे दोन जोरदार आहेत. बोट उलटू शकते, हे गृहीत धरूनच बसायचं. पोहणाऱ्या, घाबरून न जाणाऱ्या १५ वर्षांच्या मुलीला चांगल्या गाइडसोबत झेपतो. शंका असेल तर ब्रह्मपुरीहून साधारण ९ किमीचा टप्पा आहे, त्यात हे दोन्ही येत नाहीत.

आबांचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. भागीरथीवर टिहरी आणि त्याच्या खाली कोटेश्वर, अलकनंदेवर श्रीनगरचं धरण. वीज लागेल तसं पाणी सुटतं, त्यामुळे पाऊस नसतानाही दिवसात पातळी वर-खाली होते. सकाळी कोरडी असलेली वाळू दुपारी पाण्याखाली गेलेली मी पाहिली आहे. चालतानाही हे लक्षात ठेवा. वाळूवर डबा खायला बसलात तर पिशव्या उंचावर ठेवा आणि मुलाला पाण्याकडे पाठ करून खेळू देऊ नका.

जॅकेटची परीक्षा तुम्ही स्वतः घ्या, त्यांच्यावर सोडू नका. सगळी बकलं लावून पट्टे आवळायचे आणि मग मागे उभं राहून खांद्याच्या पट्ट्यांना धरून सरळ वर उचलायचं. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते लेकीच्या मापाचं नाही. दुसरं मागा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतपतच सैल. सोबत सुरक्षेसाठी कयाकवाला असणार का, हे पैसे देण्याआधी विचारा.

लेकीकडून घरीच चार गोष्टी पाठ करून घ्या. वल्ह्याच्या वरच्या मुठीवरचा हात कधी सोडायचा नाही, सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. पाण्यात पडलीच तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि बोटं पाण्याच्या वर. आणि वाहत्या पाण्यात कमरेएवढं खोल वाटलं तरी उभं राहायचं नाही, कारण पाय दगडांत अडकला की मागून येणारं पाणी माणसाला खाली दाबतं. दोरी फेकली तर छातीशी धरायची, मनगटाला गुंडाळायची नाही.

नोव्हेंबरचं पाणी हिरवं, नितळ आणि चांगलंच गार असतं. सुती कपडे नकोत, ते ओले झाले की अंगाला चिकटून थंडी वाढवतात. लोकरीची पातळ बनियन किंवा खेळाचे सिंथेटिक कपडे घाला. शक्यतो उन्हाच्या वेळेत, अकराच्या सुमारास निघा. दरीत सावली लवकर पडते.

---

कानडीकाठ:

फोडाबद्दल: ओली कातडी मऊ पडते आणि चिकटपट्टी सुटते, मग फोड फुटतो. चालायचे बूट पाण्यात नेऊच नका. मागून पट्टा असलेल्या सँडल घ्या, हवाई चप्पल पहिल्याच लाटेत जाते. राफ्टिंग शेवटी ठेवलंत तर हा प्रश्नच उरत नाही म्हणा. आबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या, हे राफ्टिंगसाठी नाही, चालण्यासाठी सांगतेय.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर वाटचाल यांचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. १२० किमीचा आकडा ऐकून नवरा म्हणाला, "हे मी धरलंच नव्हतं." त्याने दुसऱ्या नंबरवाल्याला नाही म्हणून कळवलं आणि पहिल्याला फोन केला. कयाकवाला सोबत असतो, हे त्या माणसाने विचारण्याआधीच सांगितलं.

तर आता असं ठरलंय. देवप्रयागला पूर्ण दिवस मुक्काम, कुठेही जायचं नाही. राफ्टिंग परतीच्या वाटेवर, लेक आणि तिचे बाबा, शिवपुरीहून. पाण्याची पातळी बघून गाइड नको म्हणाला तर ब्रह्मपुरीहून. लेक आधी रुसली, कारण तिला वाट बघावी लागणार. मग तिनेच कपाटातून माझं जुनं जॅकेट काढलं, भावाला घातलं आणि मागून खांद्यांना धरून उचलून बघितलं. ते त्याच्या नाकापर्यंत वर आलं. दोघेही थोडा वेळ काही बोलले नाहीत.

मुलाशी मी वेगळं बसून बोलले. गेल्या हिवाळ्यातल्या त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं पहिल्यांदाच नीट बोललो. त्याने विचारलं, "तेव्हा तू दोरी बघितली होतीस का?" मी हो म्हटलं. मग म्हणाला, मी आबांसोबत खाली थांबतो, पण ताईची बोट आली की शिट्टी मीच वाजवणार.

म्हणून आता दोनच प्रश्न उरलेत. बोटी ऋषिकेशला जिथे काठाला लागतात, तिथे ६७ वर्षांच्या माणसाला गुडघ्यांना त्रास न होता उतरता येईल असा घाट कोणता, जिथून वरून येणारी बोट लांबूनच दिसेल? आणि व्यासघाटला पाच जणांच्या मुक्कामाची सोय आधी सांगून ठेवावी लागते का? ज्यांना ठाऊक असेल त्यांनी लिहा, तिकिटं पुढच्या आठवड्यात काढायची आहेत.