रॉ फाइलमध्ये खंड्या करडा का दिसतो?

प्रश्न: खंड्याचा फोटो काढला. रॉ फाइल (कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद) प्रक्रिया न करता उघडली, तर निळा पक्षी करड्या चौकोनांचा दिसला! सेन्सर बिघडला का हो?

उत्तर: अहो, बिघाड नाही. पिक्सेलला, म्हणजे सेन्सरवरच्या प्रकाश टिपणाऱ्या एकेका चौकोनाला, रंग कळतच नाही. प्रकाश पडला की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात, तेवढेच तो साठवतो. प्रत्येकावर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो. निम्मे हिरवे, कारण बारकावे आपला डोळा हिरव्यात जास्त टिपतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांचं हे १९७६ चं पेटंट. मला ही मांडणी फार देखणी वाटते.

प्रश्नकर्ता: मग उरलेले दोन रंग?

दुसरं उत्तर: शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेबाने भरतात. म्हणून बारीक चौकड्यांच्या शर्टावर कधीकधी नसलेले रंग उमटतात. तुमच्या त्या करड्या रॉ फाइलमध्ये खंड्याच्या पाठीवर झूम करा, निळ्या फिल्टरखालचे चौकोन लाल फिल्टरखालच्यांपेक्षा उजळ दिसतील.