'डबल डेट'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा की दोन जोड्या मिळून एकत्र फिरायला, जेवायला, पिक्चरला गेल्या तर त्याला डबल डेट म्हणतात, ते ठीक, पण आपल्यात त्याला शब्द आहे का? घरात 'डबल डेटला चाललोय' म्हटलं की आई म्हणते दोन तारखा कशाला, एकच काय ती धरा की. 'दोन जोड्या' म्हणावं तर कोल्हापुरात कुणालाही आधी चप्पल लाईनच आठवणार. 'दुहेरी भेट' असं एकानं सुचवलं, पण ते कलेक्टर साहेबांनी दोन गावांना भेट दिल्यासारखं वाटतंय. जुना एखादा शब्द असला तर सांगा.

– आहे की, मेहूण. नवरा-बायको मिळून एक मेहूण. अधिक महिन्यात नायतर घरात काय कार्य असलं की मेहूण जेवायला बोलवतात, बाईची ओटी भरतात. मूळ संस्कृत मिथुन. दोन मेहुणं एका टेबलावर बसली की झाली तुमची डबल डेट. फक्त बिल यजमानानं भरायचं, तिथं टीटीएमएम चालत नाही.

– पेपरच्या खेळाच्या पानावर 'मिश्र दुहेरी' असतंय बघा, डोकी बरोबर चार भरतात. पण त्यात एक जोडी दुसरीला हरवते, आणि खरं सांगायचं तर डबल डेटला पण बऱ्याचदा तेच चालू असतंय.

– मला वाटतं नाम शोधत बसू नये, मराठी हे काम 'जोडीनं' या एका शब्दात करते. लग्न झालं की जोडीनं अंबाबाईला, मग जोडीनं जोतिबाला, आमंत्रण द्यायला आलेला माणूस पण दारातनं जाताना 'जोडीनं या बरं का' म्हणतोच. त्यामुळं 'चौघं जोडीनं पन्हाळ्याला गेलो' म्हटलं की सगळं आलं त्यात. आता यातला 'चौघं' बघा. लिहिताना चौघे म्हणजे पुरुष, चौघी म्हणजे बायका आणि चौघं म्हटलं की दोन्ही मिसळून, एवढं तर नुसत्या आकड्यातनं कळतं. पण कोण कुणाचं ते त्यात कळत नाही, दोन भाऊ न दोन बहिणी पण चौघंच, आणि नेमकी हीच सोय कॉलेजच्या पोरांना लागते. घरात 'आम्ही चौघं रंकाळ्यावर जाऊन येतो' म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही, त्यात आपल्याकडं पोरी पण 'मी चाललो, मी आलो' असंच बोलतात, फोनवर शेजारनं ऐकणाऱ्याला तर काहीच पत्ता लागत नाही. 'चौकडी' मात्र नको, लोक पुढं चांडाळ लावल्याशिवाय राहत नाहीत.

आणि 'डेटवर' नको, 'डेटला' म्हणा. रंकाळ्यावर, गडावर, कामावर इथं 'वर' बरोबर आहे, पण लग्नाला, पिक्चरला, जेवायला, तसंच डेटला. 'डेटवर' हे हिंदीतनं आलंय आणि मला तरी ते कानाला खटकतं. इंग्रजीत ज्याच्याबरोबर जायचं त्या माणसाला पण डेटच म्हणतात, तो अर्थ आपल्याकडं अजून आलेला नाही, 'ही माझी डेट' असं इथं कुणी म्हणत नाही. मूळ बघायला गेलं तर लॅटिनमध्ये पत्रावर 'अमुक गावी, अमुक दिवशी दिलं' असं लिहायचे, त्या 'दिलं'चा हा डेट झाला. आपला 'दत्त' पण त्याच धातूकुळातला, म्हणजे नृसिंहवाडीपर्यंत नातं पोचतंय.

– शब्दाचं सोडा, वापराचं बघा. डबल डेट बऱ्याचदा एका लाजऱ्या जोडीसाठी असते, दुसरी जोडी नुसती सोबत म्हणून, पूर्वी नव्या नवरीबरोबर पाठराखीण जायची तसं. संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलेली अशी चौकट लगेच ओळखू येते. दोन्ही पोरी मध्ये शेजारी-शेजारी, पोरं दोन टोकांना. पोरींचं कानात चाललेलं असतं आणि पोरं त्यांच्या डोक्यावरनं एकमेकांना गाडीचं ॲव्हरेज विचारत असतात, भेळेचा कागद एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला सरकत राहतो. याला डेट म्हणायचं का हाच मोठा प्रश्न आहे. तरी ती चौघं परत पुढच्या रविवारी तिथंच असतात.

– मी वरचं सगळं वाचून घरात 'चौघं जोडीनं चाललोय' म्हणून बघितलं, कुणी काय बोललं नाही, चाललं. ग्रुपवर मात्र डबल डेटच राहू दे, तिथं 'जोडीनं' म्हटलं की सगळे पूजा कुठं आहे विचारतात. एक शंका राहिली, आमच्यातल्या दुसऱ्या जोडीचा नुसता साखरपुडा झालाय, त्यांना मेहूण म्हटलेलं चालेल का?

– नाही. अक्षता पडू देत आधी.