मदत हवी आहे: जिंकत आलेला ऑनलाइन डाव वेळ संपून हातचा जातो

मलप्रभाकाठ: मी जांबोटीजवळ राहतो आणि रात्री ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो. माझ्याकडे एक हत्ती जास्त असतो, समोरच्याचा राजा पटाच्या कडेला रेटलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच माझी वेळ संपून डाव त्याच्या नावावर लागतो. रेटिंग घसरत चालले आहे आणि रविवारी मित्रमंडळाची ऑनलाइन स्पर्धा असल्याने उपाय लवकर हवा आहे.

टिळकवाडी६४: आपण कोठे खेळता, किती मिनिटांचा डाव खेळता, फोनवर की संगणकावर, यांतले काहीच लिहिलेले नाही. ३+२ मध्ये तीन मिनिटांशिवाय प्रत्येक चालीमागे दोन सेकंद मिळत असल्याने हत्तीची मात निवांतपणे करता येते; ३+० मध्ये ती मुभा नसते.

मलप्रभाकाठ: लिचेसवर, ३+०, फोनवर. स्पर्धाही ३+० चीच आहे, त्यामुळे वाढीव सेकंदांचा मला उपयोग नाही.

निपाणीकर: ऑनलाइन रेटिंगची इतकी काळजी करू नये. खरे मानांकन फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे. ते २०२४ पासून १४०० च्या खाली दिले जात नाही आणि त्यासाठी प्रत्यक्ष पटावरच बसावे लागते. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत बुद्धिबळ रुजवले, ती सांगली आपल्याला काही लांब नाही. तेथील स्पर्धा खेळून पाहाव्यात.

टिळकवाडी६४: निपाणीकरसाहेब, प्रश्न मानांकनाचा नसून घड्याळाचा आहे. मलप्रभाकाठ, शेवटी समोरच्याकडे नुसता राजा असतो की आणखी काही? नुसता राजा असेल, तर आपली वेळ संपली तरी डाव बरोबरीत सुटतो.

मलप्रभाकाठ: एखादे प्यादे असतेच.

टिळकवाडी६४: मग मातेच्या मागे लागण्याआधी हत्तीने ते प्यादे टिपावे. त्यानंतर निदान हार तरी होत नाही.

वडगावकर: मला हे पटत नाही. प्यादे लांब असेल, तर तेथे पोहोचण्यातच उरलेले सेकंद खर्च होतात. त्यापेक्षा प्रीमूव्ह शिकावे. लिचेसवर आधी देऊन ठेवलेल्या चालीला वेळ लागत नाही. चाल पक्की करण्यासाठी पुन्हा विचारले जात असेल, तर ती सोय सेटिंगमध्ये बंद करावी.

टिळकवाडी६४: समोरचा राजा अनपेक्षित घरात गेला, तर प्रीमूव्हमध्ये हत्ती फुकट जातो. ज्या स्थितीत त्याला एकच चाल उरली आहे, तेथेच ते वापरावे.

मलप्रभाकाठ: पुन्हा विचारण्याची सोय माझ्या फोनवर बंदच आहे. प्यादे टिपण्याचा सराव आज रात्रीपासून करतो. पण पाऊस लागला की आमच्याकडे रेंज जाते. घोडा उचलून ठेवला तरी पटावर तो जागचा हलत नाही आणि घड्याळ मात्र पळत राहते. याचे उत्तर कोणीच दिलेले नाही.

चिकोडीकर: रेंजविषयी आपण आत्ताच सांगत आहात! संदेश पोहोचण्यातला किरकोळ विलंब लिचेस भरून देते, पण जोडणीच तुटली तर वेळ चालूच राहते. त्याला पटावर उपाय नाही. स्पर्धेच्या दिवशी ब्रॉडबँड असेल तेथे बसावे.

मलप्रभाकाठ: खानापुरात मावसभावाकडे ब्रॉडबँड आहे. रविवारी तेथूनच खेळेन.