आईची दाढ काढायची आहे पण हाडांची गोळी चालू आहे, कुणाच्या घरी असं झालंय का?

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज.

आईच्या खालच्या डावीकडच्या दाढेचं रूट कॅनाल खूप वर्षांपूर्वी झालंय, वर कॅप आहे. हल्ली त्या दाढेजवळ हिरडीवर पुटकुळी येते, दाबली की पस येतो, मग थोडे दिवस बरं आणि परत तेच. ठणका फारसा नाही पण त्या बाजूने चावता येत नाही. एक्स-रेमधे दाढेच्या दोन मुळांच्या मधे आणि एका मुळाच्या टोकाभोवती काळी सावली आहे, डेंटिस्टनी पेनाचं टोक ठेवून दाखवलं की इथलं हाड गेलंय आणि त्या मुळाला उभी चीर असावी, त्यामुळे परत रूट कॅनाल करण्यात अर्थ नाही, दाढ काढायची, खड्डा साफ करून बोन ग्राफ्ट (हाडाची भर) भरायचं आणि काही महिन्यांनी इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात). हे मला पटलं, कारण दाढ काढली की तिथलं हाड रुंदीला झपाट्याने कमी होतं, पहिल्या वर्षात जवळपास निम्मं, आणि त्यातलंही बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच.

पण मग औषधांची यादी दाखवली. आई ऑस्टिओपोरोसिससाठी (हाडं ठिसूळ होतात तो आजार) अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम आठवड्याला एक घेते (रिकाम्या पोटी घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही ती), ४ वर्षांपेक्षा जास्त झाली. या गोळीवर दाढ काढली तर जबड्याचं हाड नीट भरत नाही असं कधीकधी होतं, म्हणून नाव वाचून डेंटिस्टनी ओरल सर्जनकडे पाठवलं. सर्जन म्हणतात आधी दोन महिने गोळी बंद, हाडांचे डॉक्टर म्हणतात काही गरज नाही, ते औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, दोन महिन्यांत कितीसं कमी होणार. दोघंही चांगले आहेत, आणि या सगळ्यात आईने धरलंय की "राहू दे, काढायचीच नको". मला नेमकं तेच नकोय, आतमधे पस तसाच राहिला तर जबड्याचं काय होणार?

डायबिटीस नाही, स्टिरॉइड नाही, तंबाखू वगैरे काही नाही. गोळी बंद केली होती का तुम्ही? ग्राफ्ट केलं का? आणि आईची भीती कशी घालवू, ती जबड्याचं हाड मरतं असं कुठेतरी ऐकून आलीय.

प्रतिसाद १:
माझ्या सासूबाईंचं अगदी हेच. गोळी बंद केली नव्हती, सर्जननी दाढेचे दोन तुकडे करून एकेक मूळ वेगळं काढलं म्हणजे हाडावर जोर येत नाही, हिरडी ओढून टाके घातले. भरायला वेळ लागला पण भरलं. इम्प्लांट नाही केलं, ब्रिजवर (शेजारच्या दातांना धरून बसवलेला दात) भागवलं. आईंना सांगा भूल दिल्यावर दाब जाणवतो, दुखत नाही.

प्रतिसाद २:
मी याच क्षेत्रात आहे, पेशंट न बघता सर्वसाधारणच सांगतो. त्या त्रासाला जबड्याचा ऑस्टिओनेक्रोसिस म्हणतात, म्हणजे हाड उघडं पडतं आणि ८ आठवडे उलटले तरी झाकलं जात नाही. कॅन्सरसाठी याच जातीची औषधं मोठ्या डोसमधे शिरेतून देतात तिथे धोका बराच जास्त असतो. ऑस्टिओपोरोसिसच्या गोळीवर दाढ काढली तर तो खूप कमी, साधारण हजारात एखादा. आणि पस साठलेली दाढ तशीच ठेवणं हेसुद्धा धोक्याचंच आहे, म्हणून "राहू दे" हा पर्याय मनातून काढा.

गोळी थांबवण्याबद्दल तज्ज्ञांमधेच एकमत नाही, त्यामुळे तुमचे दोन डॉक्टर दोन गोष्टी बोलले यात नवल नाही. त्या दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, तुम्ही मधे निरोप्या होऊ नका. सीटीएक्स नावाची रक्ततपासणी कुणी सुचवली तर तिच्यावर एकटीवर निर्णय घेऊ नका, तिच्यावरून धोका नीट कळत नाही. मात्र गोळीऐवजी सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं तर ते परस्पर लांबवायचं अजिबात नाही, मणके फ्रॅक्चर होऊ शकतात. दाढ काढायच्या आधी दात साफ करून घ्या. मुळं खालच्या नसेच्या किती जवळ आहेत तेही विचारा, शंका असेल तर सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी) स्कॅन काढतील. इम्प्लांटचा निर्णय आज घ्यायची घाई नाही, आधी जखम भरू दे.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. हजारात एखादा हे आईला वाचून दाखवलं, आता निदान सर्जनकडे परत यायला तयार झालीय. दोन्ही डॉक्टरांना बोलायला सांगते. एक राहिलंच, टाके काढल्यावर घरी आरशात काय बघायचं? हाड उघडं पडलंय हे आपल्याला दिसतं का?

प्रतिसाद २:
दिसू शकतं. हिरडीत पांढरट-पिवळट, जिभेला खरखरीत लागणारा कडक भाग दिसला, पस किंवा वास परत आला, किंवा खालचा ओठ बधिर वाटला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता दाखवा. पूर्ण भरेपर्यंत सर्जनना मधेमधे दाखवत राहा, दुखत नसलं तरी.