'दोषमुक्त' आणि 'आरोपमुक्त' ही एकाच क्रियेची दोन नावे नव्हेत

'दोषमुक्त करणे' आणि 'आरोपमुक्त करणे' हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तरी चालतात असे म्हटले जाते. बोलण्यात चालत असतील, पण कायद्याच्या मजकुरात तो घोटाळा ठरतो. आरोप निश्चित करण्याइतकाही आधार नाही असे न्यायालयाला वाटले, तर खटला उभा राहण्यापूर्वीच आरोपी सुटतो, ती आरोपमुक्ती. आणि खटला चालून दोष सिद्ध झाला नाही, तर ती निर्दोष मुक्तता, म्हणजेच दोषमुक्ती. हा भेद केवळ शब्दांचा नाही. निर्दोष मुक्तता कायम असेपर्यंत त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. मात्र आरोपमुक्ती म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे, असे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०० चे स्पष्टीकरणच सांगत होते.

'सन्मानपूर्वक मुक्तता', म्हणजे पुरावा पूर्ण तपासून आरोप मुळीच सिद्ध झाले नाहीत म्हणून झालेली सुटका, हा शब्दप्रयोग तर त्या संहितेत कुठेही नव्हता. तो न्यायनिर्णयांतून रूढ झाला, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नोंदवले आहे. तरीही नोकरीत परत घेण्याचा प्रश्न आला की त्याच्यावाचून अडते. निकालपत्राच्या शेवटी 'संशयाचा फायदा देऊन' एवढे तीन शब्द असले, की सुटका झालेली असूनही खातेनिहाय चौकशीला वाट मोकळी राहते, कारण तिथे पुराव्याची कसोटी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते. बातमीत मात्र हे तीन शब्द बहुधा गळतात आणि मथळ्यात नुसते 'निर्दोष' उरते.