बाससाठी रॉड, रीळ आणि छोटी बोट: काय घेऊ? (डॅलसच्या उत्तरेकडचे तलाव)

रेवदंडेकर

नमस्कार मंडळी. मूळचा रेवदंड्याचा, गेली नऊ वर्षं फ्रिस्को, टेक्सास. लहानपणी कुंडलिकेच्या मुखाशी बांबू, तंगूस, शिसं आणि कोळंबीचा तुकडा एवढ्या भांडवलावर अख्ख्या सुट्ट्या काढल्यात. त्यामुळे आपल्याला गरवता येतं, असा माझा समज होता. गेल्या शनिवारी दुकानात गेलो आणि समोर भिंतभर नुसते रॉड. विक्रेत्याने विचारलं, "पॉवर कुठली, ॲक्शन कुठली?" मी म्हटलं, जरा फोन आलाय, आणि बाहेर पडलो.

मुलगा ११ वर्षांचा आहे. मित्राच्या वडिलांबरोबर एकदा तळ्यावर जाऊन आल्यापासून घरात बासशिवाय (इथला गोड्या पाण्यातला मासा) दुसरा विषय नाही. लुइसव्हिल आणि रे रॉबर्ट्स हे तलाव जवळ, महिन्यातून एखादा रविवार लेक फोर्क. रॉड-रिळांसाठी ४०० डॉलर, बोटीसाठी फार तर साडेतीन हजार. गाडी मिनीव्हॅन. सोसायटीच्या नियमात बोट ड्राइव्हवेवर उभी करता येत नाही.

किती रॉड घ्यायचे? ते आडवं रीळ घ्यायचं की उभं? बोट की कयाक?

लेकफोर्कचा_वारकरी

रेवदंडेकर, फोन आलाय म्हणून सटकलात ते बरं केलंत. मी सटकलो नाही. पहिल्याच दिवशी सहा रॉड घेऊन आलो, त्यातले चार अजून गॅरेजच्या आढ्याला टांगलेत.

दोन घ्या. पण घेण्याआधी रॉड वाचायला शिका. मुठीच्या वर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं: लांबी, पॉवर, ॲक्शन, दोरा किती पौंडाचा आणि आमिष किती औंसाचं. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. 'फास्ट' लिहिलेला फक्त टोकाकडे वाकतो, 'मॉडरेट' पार मध्यापर्यंत. दुकानात टोक छताला टेकवून हलकेच दाबा, लगेच कळतं. सगळ्यात कामाचा आकडा शेवटचा, आमिषाच्या वजनाचा. पाव ते एक औंस लिहिलेल्या रॉडने हलकं आमिष फेकलंत तर ते पायाशी पडणार, मग तो रॉड पन्नासचा असो नाहीतर पाचशेचा.

पहिला रॉड स्पिनिंग, म्हणजे तुमचं उभं रीळ. ७ फूट, मीडियम, फास्ट. रीळ २५०० किंवा ३००० आकाराचं. त्यावर १० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा, पाव नव्हे) आणि पुढे सहा-सात फूट ८ पौंडी फ्लोरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारा दोरा). जोडायला डबल युनी गाठ, टीव्ही बघत वीस वेळा मारा म्हणजे येईल. टोकाला पाच इंची मऊ रबरी काडी, गरी बरोबर मध्यावर अडकवलेली. ह्याला वॅकी रिग म्हणतात. पाण्यात टाकायची आणि काहीही करायचं नाही. ती दोन्ही टोकं थरथरवत सावकाश खाली जाते आणि बास बहुतेक तेव्हाच घेतो. खाडीवर शांत बसायची सवय आहे तुम्हाला, इथले लोक उगाच हलवत बसतात.

दुसरा बेटकास्टिंग, आडवं रीळ. ७ फूट, मीडियम हेवी, फास्ट. जाड गरी झाडीतून ओढायची तर हाच. टेक्सास रिग, जिग, स्पिनरबेट अशी जड आमिषं सगळी ह्यावर चालतात. रीळ ७:१ च्या आसपासचं, म्हणजे हँडल एकदा फिरवलं की दोरा गुंडाळलेली फिरकी सात वेळा फिरते. दोरा १५ पौंडी फ्लोरोकार्बन, पण पहिले दोन महिने साधा मोनो भरा. तो आपला तंगूसच. का ते खाली.

आडवं रीळ फेकताना आमिष हवेत मंदावतं आणि फिरकी मात्र त्याच वेगात दोरा सोडत राहते. मग रिळावर सुगरणीचं घरटं होतं. इलाज असा: आधी बाजूची छोटी चकती आवळा. बटण दाबल्यावर आमिष सावकाश खाली उतरलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच फिरकी थांबली पाहिजे. मग चुंबकी ब्रेक १० पैकी ८ वर ठेवा, सराव होईल तसा एकेक कमी करा. आणि अंगठा. आमिष पाण्याला लागायच्या क्षणी अंगठा फिरकीवर हवाच. हे पुस्तकात वाचून येत नाही, हिरवळीवर शंभर फेका. घरटी होतीलच, स्वस्तातला मोनो कापून टाकताना जीव हळहळत नाही.

घ्यायच्या आधी हँडल कुठल्या हाताला आहे ते बघा. स्पिनिंग रिळाचं बहुतेक दोन्हीकडे बदलता येतं, आडव्याचं नाही. मी उजवं घेऊन बसलो, दोरा भरला होता म्हणून दुकानदाराने परत घेतलं नाही.

अबू गार्सिया, लूज, शिमानो, दाइवा, ह्यांतल्या कुणाचंही शंभरच्या आतबाहेरचं रीळ तुम्हाला तीन वर्षं पुरेल. ब्रँडवर वाद घालणारे पुढे येतीलच.

मनीषा_प्लेनो

वारकरीदादा, एक भर. क्रँकबेट, म्हणजे तीन तोंडांच्या दोन गऱ्या लटकवलेला प्लास्टिकचा मासा, फास्ट मीडियम हेवीवर चालवू नका. ताठ रॉडने हिसका दिला की त्या बारीक गऱ्या माशाच्या तोंडातून फाटून सुटतात. त्याला मॉडरेट रॉड लागतो. पण तो तिसरा, पुढच्या वर्षी.

बोटीबद्दल माझं मत: सहा महिने बोटच घेऊ नका. लुइसव्हिलच्या काठाने, धक्क्यांच्या सावलीत, वसंतात बास अगदी कडेला येतात. पाणी ६० अंश फॅरेनहाइटच्या वर गेलं की अंडी घालायला उथळात यायला लागतात. तेव्हा बोटवाले तलावाच्या मध्यात उभे राहून काठाकडे फेकत असतात आणि काठावरचे मध्याकडे!

मी कयाकवर आहे, १२ फुटी, पायाने मारायची, जुनी घेतली. गॅरेजमध्ये भिंतीला टांगता येते, सोसायटीचं पत्र येत नाही. पण खरं सांगते, ११ वर्षांच्या मुलाला घेऊन एका कयाकमध्ये दोघांनी गरवणं म्हणजे एकमेकांच्या कानात गऱ्या. शिवाय लुइसव्हिलवर शनिवारी दुपारी मोठ्या बोटींच्या लाटा आणि मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेचा वारा. सकाळी दहाच्या आत मी बाहेर असते.

बूचविसरभोळा

दोघं जाणार असतील तर १४ फुटी ॲल्युमिनियमची जॉन बोट. सपाट तळाची, डगमगत नाही, ट्रेलरसकट मिनीव्हॅन सहज ओढते, आणि ट्रेलरची दांडी दुमडणारी घेतलीत तर बहुतेक गॅरेजमध्ये मावते. आधी गॅरेज मापा, मग बोट बघा. मी उलट केलं, आणि वर्षभर ३ फूट बोट दाराबाहेर राहिली.

फायबरची २० फुटी चकचकीत बास बोट, मागे २५० अश्वशक्तीचं इंजिन, हे व्हिडिओत बघायला छान. ती स्पर्धेवाल्यांची गरज आहे: सकाळी तलावाच्या एका टोकाला, दुपारी दुसऱ्या. तुम्हाला एका खाडीत चार तास काढायचेत.

पैसे घालायचे ते ट्रोलिंग मोटरमध्ये (बोट हळू चालवणारी विजेची छोटी मोटर). हिशोब सोपा आहे, एकूण दर १०० पौंड वजनामागे किमान २ पौंड थ्रस्ट, म्हणजे मोटरचा जोर. बोट साधारण २५०, बॅटरी-मोटर-सामान १५०, तुम्ही बापलेक २७५. झाले पावणेसातशे, म्हणजे १४ पौंड. पण हा हिशोब वारा नसतानाचा. म्हणून सरळ ५५ पौंडी घ्या, ती १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालते. त्यावर गेलात की २४ व्होल्ट, दोन बॅटऱ्या आणि दुप्पट डोकेदुखी.

पूर्ण वेगात ही मोटर ५० अँपिअरच्या आसपास ओढते. १०० अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नसते, म्हणजे पूर्ण वेगात जेमतेम एक तास. तीच लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली तर जवळजवळ सगळी वापरता येते, आणि वजन साठ-सत्तर पौंडांऐवजी तीसच्या आत. महाग आहे, पण जॉन बोटीत चाळीस पौंड वाचणं म्हणजे मुलाचं अर्धं वजन वाचल्यासारखं. तारेवर ६० अँपिअरचा ब्रेकर बसवायला विसरू नका. मोटर नाकावर लावायची. मागून ढकललेली बोट वाऱ्यात भरकटते, पुढून ओढलेली सरळ जाते.

सोनार, म्हणजे पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, पाच इंची पडद्याचं साधं पुरे. खोली कळली, बुडालेलं झाड दिसलं, झालं. ते समोरचा मासा पोहताना दाखवणारं लाइव्ह सोनार २०१८ पासून सगळीकडे झालंय, पण त्याच्या पैशात तुमची बोट येते. आणि पडद्यात डोकं घालून बसलेला मुलगा घरी आहेच ना?

कागदपत्रं: टेक्सासमध्ये नुसती विजेची मोटर लावली तरी बोटीची नोंदणी लागते. १३ वर्षांखालच्या मुलाने चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घातलेलंच असायला हवं, बाजूला ठेवलेलं चालत नाही. मासे धरायचं लायसन्स तुम्हाला लागेल, १७ च्या आतल्या मुलाला नाही.

आता माझ्या नावाची गोष्ट. झेब्रा शिंपल्या एका तलावातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून इथे बोट बाहेर काढली की सगळं पाणी काढून टाकायचा कायदा आहे. त्यासाठी बुडाचं बूच काढायचं. काढलं. पुढच्या रविवारी पहाटे पाचला, अंधारात, रॅम्पवरून बोट सोडली, गाडी लावून आलो तर बायको म्हणते, अहो, माझे बूट ओले कसे? तेव्हापासून बूच गाडीच्या किल्लीला बांधलेलं असतं.

लेकफोर्कचा_वारकरी

फोर्कबद्दल एक राहिलं. १९८० साली धरण घातलं तेव्हा झाडं बरीचशी तशीच उभी ठेवली. अजून उभी आहेत, पाण्याच्या वर आणि, त्याहून वाईट, पाण्याच्या दोन बोटं खाली. खुणा लावलेल्या बोटमार्गाबाहेर हळू जा. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंड, १९९२ च्या जानेवारीत तिथलाच. म्हणून आमची वारी. अजून विठ्ठल दिसलेला नाही, माझा सगळ्यात मोठा सव्वासहा पौंड.

सुरमई_शिवाय_जगणे

एवढं सगळं करून मासा खायचा की सोडायचा? बासचं तिखलं होतं का?

लेकफोर्कचा_वारकरी

राज्याचा साधा नियम, १४ इंचांच्या आतला सोडायचा, दिवसाला पाच. फोर्कवर १६ ते २४ इंचांच्या मधला प्रत्येक सोडावाच लागतो, २४ च्या वरचा एकच. मी सगळेच सोडतो. खायचं असेल तर रे रॉबर्ट्सवर सँड बास (हा वेगळा, लहान मासा) धरा, रव्यात घोळवून तळा. नाहीतर कॅटफिश. मोठी बास मादी कढईत घालणं माझ्याच्याने होत नाही.

ओसाकातला_सदाशिवपेठी

मजा आहे. आमच्या बिवा सरोवरात उलट नियम! बास इथला मूळचा नाही, स्थानिक मासे खातो, म्हणून शिगा प्रांतात २००३ पासून पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. आणि २००९ मध्ये जागतिक विक्रमाशी बरोबरी करणारा २२ पौंडांवरचा बास ह्याच सरोवरात मिळाला. आधीचा विक्रम १९३२ चा, जॉर्जियातला.

चौलचा_नाना

रेवदंडेकर, शेजारी निघालात की! इथे आमची पोरं आता हेच बासचे रॉड जिताड्याला वापरतात. मीडियम हेवी, वर ३० पौंडी ब्रेड. तळ्यात मरळीला तर तो रबरी बेडूकच. फक्त खाऱ्या पाण्यानंतर रीळ गोड्या पाण्याने धुवा. पुढच्या गणपतीत येताना एक स्पिनिंग रीळ आणा, पैसे रोख देतो.

रेवदंडेकर

नाना, आणतो.

तीन आठवड्यांनी लिहितोय. मनीषाताईंचं ऐकून बोट थांबवली, गॅरेज मापलंय, १९ फूट ४ इंच. वारकरींच्या यादीतले दोन्ही रॉड घेतले. पहिले दोन रविवार कोरडे. काल लुइसव्हिलवर, एका धक्क्याच्या खांबाशी, वॅकी काडी टाकली आणि चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, आता काय करायचं?" मी म्हटलं, काही नाही. दोरा बाजूला सरकायला लागला. ठोका नाही, ओढ नाही, नुसता दोरा पाण्यावरून डावीकडे चालला. तो ओरडला, मी ओरडलो, रॉड वाकला. साडेपंधरा इंच. खालचा ओठ अंगठ्याने धरला तर किसणीसारखे बारीक दात. सोडताना मुलाने हात पाण्यात तसाच ठेवला होता, कितीतरी वेळ.

आडव्या रिळाचं मात्र जमत नाही. मागच्या हिरवळीवर फेकायला गेलो, पहिल्याच फेकीत घरटं, दुसऱ्या फेकीत आमिष शेजाऱ्याच्या लिंबाच्या कुंडीत. मुलगा तेच रीळ घेऊन पंचवीस यार्डांवर बादलीत टाकतोय. ब्रेक ८ वर आहे, चकती आवळली आहे. माझा अंगठा उशिरा पडतोय की मोनो १२ पौंडी भरला ते चुकलं?

लेकफोर्कचा_वारकरी

मोनो १५-१७ चा भरा, जाड दोरा घरट्यात कमी अडकतो. आणि मनगटाने झटका मारू नका, बांबू फेकायचात तसा रुंद, सावकाश फेका. अंगठा मुलाला विचारा.