भाऊ दोन वर्षं मिशनवर फिलिपिन्सला चाललाय. कुणी जाऊन आलंय का?

खोर्लीची_ताई

म्हापशाहून लिहितेय. धाकटा भाऊ बेंगळुरूला शिकायला गेला आणि तिथे मॉर्मन चर्चमध्ये जाऊ लागला. त्यावरून घरात जे व्हायचं ते होऊन गेलंय, इथे परत नको. आता त्याला मिशनचं, म्हणजे धर्मप्रचाराला जाण्याचं, पत्र आलंय. फिलिपिन्स, चोवीस महिने, पगार नाही, मध्ये सुट्टी नाही. तिथे त्याला सगळे ‘एल्डर’ म्हणणार, म्हणजे वडीलधारी. ‘बावीस वर्षांचा घोडा, कसला वडीलधारी?’ असं आई दिवसातून दोनदा म्हणते आणि मग देवघरात जाऊन बसते.

दिवस कसा जातो? फोन करू देतात का? खर्च कोण करतं? आईला काय सांगू?

कुर्टीकर

ताई, मी जाऊन आलोय. २०१५ ते २०१७, फिलिपिन्सच, लुझोन बेटावर.

फोनचं आधी सांगतो. आमच्या वेळी वर्षातून दोनदा फोन, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी सोमवारी सायबर कॅफेत बसून एक ईमेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये नियम बदलला, आता दर आठवड्याला घरी बोलता येतं, व्हिडिओवरसुद्धा. आईला हे आजच सांगून टाका. पैसे ज्याचे त्याने किंवा घरच्यांनी भरायचे. अमेरिकेतली कुटुंबं तेव्हा महिन्याला ४०० डॉलर भरायची, २०२० पासून ५००. ज्यांना जमत नाही त्यांचं चर्चच्या निधीतून भागवतात. मी जाण्याआधी सव्वा वर्ष नोकरी करून साठवले होते, तरी पुरले नाहीत.

आमच्या वेळी साडेसहाला उठायचं, थोडा व्यायाम, मग वाचन, भाषा. त्यानंतर बाहेर पडलं की रात्री नवापर्यंत पायपीट. साडेदहाला दिवे बंद. सोमवारी कपडे धुणं, बाजार, केस कापणं. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला घामाची तपकिरी रेघ पडते, ती साध्या धुण्याने जात नाही. मिशनवर जोडीनेच राहायचं असतं. माझा पहिला सोबती टोंगा देशाचा, धिप्पाड गडी, त्याने शिकवलं: कॉलर ओली करून साबणाची वडी घासायची, तशीच दहा मिनिटं उन्हात ठेवायची, मग ब्रश मारायचा. भावाला एक चांगला ब्रश घेऊन द्या.

आता मुख्य गोष्ट. लोक दारं लावून घेतात त्याचं महिन्याभरात काही वाटेनासं होतं. जड जातो तो सोबती. न्हाणीघर सोडून एकमेकांच्या नजरेआड जायचं नाही असा नियम, आणि कोणाबरोबर राहायचं ते तुम्ही ठरवत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते. माझा तिसरा सोबती फिलिपिनोच होता, अठरा आठवडे आम्ही एका खोलीत. तो पहाटे ‘तुयो’ तळायचा, सुकी खारी मासळी. आपल्याला सुक्या बांगड्याचा वास नवा नाही, पण खिडकी बंद आणि दोरीवर माझे धुतलेले शर्ट! मी अबोला धरला. पंधरा दिवस आम्ही एका छत्रीखाली चालत होतो आणि घरोघरी सांगत होतो की कुटुंबात माया हवी.

एका लोलाने, म्हणजे आजीने, आम्हाला दारातच ओळखलं. ‘भांडलात ना?’ आमचं काही ऐकून घेतलं नाही. भात वाढला, दोघांना मिळून एकच ताट. त्या रात्री त्याने माझे गुन्हे मोजून दाखवले. सात निघाले. पहिला, मी आंघोळ करताना कोकणीत गातो. (बेसूर गातो हा दुसरा.) तुयो बंद झाला नाही, शर्ट मागच्या बाजूला वाळू लागले.

भाषेला घाबरू नका म्हणावं. स्पॅनिशमुळे तिथे टेबल ‘मेसा’, बूट ‘सापातोस’, जत्रेला ‘पिस्ता’. आपल्याकडे पोर्तुगिजांचं मेज, सापात, फेस्त आहेच. आमच्या चर्चमध्ये चहा-कॉफी वर्ज्य, पण नको म्हटलं की कुणी रागावत नाही, ‘सलाबात’ देतात, आल्याचा काढा. माणसं बहुतेक कॅथलिक, घराघरात सांतो निन्योची, म्हणजे बाळ येशूची, मूर्ती.

एक गोष्ट आईला सांगू नका. माझी आजी गेली तेव्हा मी तिथेच होतो. मिशन प्रेसिडेंटांनी, म्हणजे आमच्या तिथल्या प्रमुखांनी, विचारलं, जायचंय का? मी नाही म्हटलं. शूरपणा नव्हता, तेव्हा तेच बरोबर वाटलं. बाराव्याला घरी माझ्या नावाचं पान वाढलं होतं हे मला परत आल्यावर कळलं.

तारवटी_वास्को

बाय, मी बारा वर्षं तारवार, म्हणजे जहाजावर, आहे, अर्धा क्रू फिलिपिनोच असतो. माणसं चांगली, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. भात तिन्ही त्रिकाळ, तेव्हा आपल्या पोराची उपासमार नाही. वादळाचा मोसम मात्र आपल्या पावसासारखा समजू नये. ते १ ते ५ असे सिग्नल देतात, सिग्नल लागला की घरात बसायचं. आमचं काँट्रॅक्ट नऊ महिन्यांचं आणि वर पगार. ह्यांचं चोवीस महिने आणि पदरचे पैसे घालून! धन्य.

साखळीचा_आगाऊ

ताईंच्या भावाला शुभेच्छा, पण दुसऱ्याच्या दारात जाऊन ‘तुमचं चुकलंय, आमचं घ्या’ सांगणं मला पटत नाही. कुर्टीकर, लाज नाही वाटली?

कुर्टीकर

वाटली. ज्यांच्या भिंतीवर चारशे वर्षांचा देव आहे त्यांना एकोणीस वर्षांच्या मी काय सांगावं? मंगळवारी आम्ही त्या लोलाकडे जायचो, ती शेवटपर्यंत आमच्या चर्चमध्ये आली नाही. आम्ही तिचं पाणी भरायचो, ती आम्हाला जेवायला घालायची. वरून आकडे विचारायचे तेव्हा तो मंगळवार कुठल्याच रकान्यात बसायचा नाही. मी आज नियमित जात नाही, हेही सांगून ठेवतो. पण ते मंगळवार मला फुकट गेल्यासारखे वाटत नाहीत.

ताई, भावासमोर ‘मॉर्मन’ म्हणू नका हं. २०१८ पासून चर्चने ते नाव टाळायला सांगितलंय. पूर्ण नाव इतकं लांब आहे की मी घरी अजून मॉर्मनच म्हणतो.

खोर्लीची_ताई

सगळ्यांचे आभार. फोनचं सांगितल्यावर आई दुपारी पहिल्यांदा नीट जेवली. आजीचं नाही सांगितलं. आता ती सामान काढून बसलीय. विचारतेय, सोलं चालतात का? आणि सुके बांगडे?

कुर्टीकर

सोलं द्या, चहात मोडत नाहीत. बांगडे नकोत. त्याच्या सोबत्याचा विचार करा.